जलविभाजक

भूपृष्ठावर पडलेले पावसाचे पाणी ज्या रेषेच्या दोन बाजूंस भिन्न नदीखोऱ्यांत वाहून जाते, तिला जलविभाजक म्हणतात. ह्या रेषेने वेढलेला प्रदेश म्हणजे पाणलोट क्षेत्र होय. इंग्रजीत ‘वॉटरशेड’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी रूढ आहे. ब्रिटनमध्ये मुख्यतः रेषेसाठी, तर अमेरिकेत प्रदेशासाठी. ह्या बाबतीत मराठी परिभाषा अधिक नेमकी आहे.

नदीखोरी अखंड पर्वतरांगांनी विभागलेली असतात, असे मत फ्रेंच भूगोलज्ञ फिलिप ब्युआश याने १७५२ मध्ये मांडले. त्याच्या प्रभावाने, डोंगर नाहीत तेथेही नकाशांत रांगा दाखविल्या जाऊ लागल्या. वस्तुतः सपाट पठारावरील जलविभाजक डोळ्यांस जाणवतही नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८७० मध्ये ह्या संज्ञेस भूमितीचा आधार दिला : खिंडीपासून शिखरांकडे चढणारी उताररेषा म्हणजे जलविभाजक व खाली उतरणारी ती प्रवाहरेषा.

महाराष्ट्रातील प्रमुख जलविभाजक सह्याद्रीच्या माथ्यावरून जातो. भोरजवळील उत्रोली त्याच्या पूर्वेस आहे. तेथील पाणी नीरा, भीमा व कृष्णा ह्या नद्यांतून बंगालच्या उपसागरास मिळते. वरंधा घाटाच्या पश्चिम उतारावरील पाणी मात्र सावित्रीतून शंभर किलोमीटरांच्या आतच अरबी समुद्रास पोहोचते. कोकणाकडील उतार तीव्र असल्याने तेथील ओढे माथा अधिक वेगाने झिजवितात. परिणामी ही रेषा सावकाश पूर्वेकडे सरकते. राजकीय सीमांनी तिला नेहमीच मान दिला असे नाही. १९४८ मध्ये विलीन झालेल्या भोर संस्थानात घाटमाथ्यावरील मुलखाबरोबर कोकणातील सुधागडही होता.

विसाव्या शतकात ही मर्यादा माणसानेच ओलांडली. वेल्ह्यालगतच्या मुळशी तालुक्यात टाटांनी धरण बांधले व पूर्ववाहिनी मुळेचे पाणी बोगद्याने माथ्यापलीकडे नेऊन भिरा येथे १९२७ पासून वीज निर्माण केली. जमिनी बुडणाऱ्या शेतकऱ्यांनी त्याआधी, १९२१ ते १९२४ ह्या काळात, सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. पुढे कोयनेचे पाणीही वीजनिर्मितीसाठी पश्चिमेस वळविले गेले. नकाशावरील रेषा अढळ राहिली, परंतु ह्या खोऱ्यांतील पाण्याचा हिशेब तिच्यावरून करणे अशक्य झाले. अवर्षणप्रवण पूर्व भागास पाणी द्यावे की विजेसाठी ते कोकणात सोडावे, हा वाद त्यातूनच उद्भवला. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७३ च्या निवाड्यात पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घातल्या.