चिंदविन : रस्ते नसलेल्या गावांची नदी

चिखली - टाळगाव चिखलीच्या वेशीवरून इंद्रायणी वाहते आणि देहू-आळंदी मागे टाकून तुळापूरला भीमेत मिसळते. उद्योगनगरीतील हजारो माणसे रोज पुलांवरून ही नदी ओलांडतात. तिच्या पाण्यावरून प्रवास मात्र कोणी करीत नाही. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, याच्या नेमके उलट चित्र दिसते. तेथील चिंदविन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या अनेक गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा मुख्य रस्ता म्हणजे ही नदीच. मराठी घरांत ‘बर्मा सागवान’ म्हणून ज्या लाकडाचे कौतुक होत आले, त्याच्या जुन्या वाटांपैकी ही एक प्रमुख वाट. याच वाटेवरून दुर्गम वस्त्यांपर्यंत नेणारी दीर्घ जलसफर काही वर्षे जगभरातील प्रवाशांचे आकर्षण ठरली होती. आज मात्र त्या काठांवर युद्धाची छाया आहे.

दोन नद्यांचा देश

म्यानमारचा कणा म्हणजे इरावती. उत्तरेकडील काचिन प्रांतात मिचिनाजवळ दोन प्रवाहांच्या संगमातून ती जन्म घेते आणि सुमारे २१०० किलोमीटरचा प्रवास करून अंदमानच्या समुद्राला मिळते. चिंदविन ही तिची सर्वांत मोठी उपनदी. काचिनमधीलच हुकाँग खोऱ्याच्या परिसरात उगम पावून, भारताच्या सीमेला बरीचशी समांतर वाहत, सुमारे १२०० किलोमीटरनंतर ती मंडालेच्या खालच्या बाजूस इरावतीत विलीन होते. मणिपूरच्या खोऱ्यातील पाणीही मणिपूर नदी आणि पुढे मिथा नदीवाटे कलेवा येथे चिंदविनमध्येच येते. नकाशावर परकी वाटणारी ही नदी भारताच्या इतकी जवळ आहे.

संगमापासून होमालिन गावापर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर अंतर बोटीने जाता येते. पण ते बारमाही नव्हे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत पात्र भरलेले असते, तेव्हाच मोठ्या बोटी वरपर्यंत पोहोचतात. उन्हाळ्याकडे पाणी उतरले, की वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि लहान होड्यांवरच भिस्त राहते.

बोटीची वाट

या सफरींचा प्रारंभ साधारणपणे मंडाले किंवा मोनीवा येथून होत असे. मोनीवा ही चिंदविन खोऱ्याची बाजारपेठ. वरच्या गावांकडे जाणारे मीठ, तेल, कापड, पत्रे आणि इंधन येथूनच बोटीत चढते. पुढे मिंगिन, कलेवा, मॉलेक, सिट्टाँग, थाँगडुट अशी गावे मागे टाकीत बोट होमालिनला पोहोचते. प्रवाहाविरुद्धच्या या प्रवासाला आठवडाभर लागणे नवलाचे नव्हते.

चिंदविनचे पात्र दर पावसाळ्यात बदलते. गेल्या वर्षी जेथे खोल पाणी होते, तेथे यंदा वाळू असू शकते. त्यामुळे केवळ नकाशावर विसंबून बोट हाकता येत नाही. बोटीच्या नाळेवर दोन्ही बाजूंना खलाशी उभे राहतात. रंगांचे पट्टे ओढलेला लांब बांबू ते पाण्यात बुडवतात आणि खोलीचा आकडा ओरडून सांगतात. सुकाणूवरचा तांडेल त्या हाकेवर बोट वळवतो. नदीच्या प्रत्येक टप्प्याची माहिती असलेले वाटाडे वेगळे असतात. एकाची हद्द संपली, की दुसरा बोटीवर चढतो. रात्रीचा प्रवास टाळला जातो. अंधार पडण्यापूर्वी बोट काठाला लावून दोर झाडाला बांधायचा आणि उतरण्यासाठी फळी टाकायची, हाच तेथील धक्का.

काठावरची माणसे

खालच्या भागात वस्ती प्रामुख्याने बर्मी बौद्धांची. वर जावे तसे शान लोक भेटतात. पश्चिमेकडील डोंगरांत चिन, तर होमालिनच्या पुढे नागा जमातींचा मुलूख सुरू होतो. हे नागा आणि भारताच्या नागालँडमधील नागा एकमेकांचे आप्तच. सीमारेषा त्यांच्या वस्त्यांमधून नंतर आखली गेली.

गावांची ठेवण बहुतांशी सारखी. पुराच्या पाण्यापासून बचावासाठी लाकडी खांबांवर उचललेली घरे, मधोमध भिक्खूंचा मठ आणि उंचवट्यावर पांढरा किंवा सोनेरी पॅगोडा. मिंगिनसारख्या गावांत कोरीवकामाने नटलेले जुने सागवानी मठ आहेत. गालांवर थनाखा वृक्षाच्या सालीचा पिवळसर लेप लावलेल्या स्त्रिया आणि मुले काठावर दिसतात. कपडे धुणे, आंघोळ, पाणी भरणे, मासेमारी, शाळेला जाणे आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेणे ही सारी कामे नदीवर अवलंबून. पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या गाळात शेंगदाणा, कडधान्ये आणि भाजीपाला पिकतो. ज्या पुराची धास्ती, त्याच पुरावर शेती, असे हे जीवन आहे.

मुंबईची कंपनी, रत्नागिरीचा राजा

या दूरच्या नदीशी महाराष्ट्राचा संबंध केवळ सागवानापुरता नाही. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ने ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत मोठा व्यवसाय उभारला. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाडाच्या बुंध्यावर गोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षे उभ्यानेच वाळवले जाई. मग ते तोडून हत्तींकडून ओढ्यात ओढले जाई आणि पावसाळ्यात ओंडके वाहून मोठ्या नदीला लागत. तेथे त्यांचे तराफे बांधले जात. चिंदविनकाठचे मॉलेक हे या कंपनीच्या कारभाराचे एक केंद्र होते.

याच कंपनीवर, ओंडक्यांची संख्या कमी दाखवून कर चुकविल्याच्या आरोपावरून, ब्रह्मी दरबाराने १८८५ मध्ये सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रान्सच्या वाढत्या प्रभावामुळे अस्वस्थ असलेल्या इंग्रजांना युद्धाचे निमित्त मिळाले. आगबोटींतून इरावतीवरून चालून आलेल्या फौजेने दोन आठवड्यांत मंडाले गाठले. नोव्हेंबर १८८५ च्या अखेरीस थिबा राजाला ‘थूरिया’ या आगबोटीवर चढवून त्याच नदीतून खाली नेण्यात आले. रंगून व मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये तो रत्नागिरीस आला. पुढील तीस वर्षे त्याने तेथेच बंदिवासात काढली. १९१० मध्ये त्याला नवा राजवाडा मिळाला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची समाधी रत्नागिरीतच असून, म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये तेथे येऊन आदरांजली वाहिली होती.

नियतीचा खेळ असा, की मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान असतानाच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर त्यांना तेथे हलविण्यात आले. ज्या किल्ल्यात थिबाचा राजवाडा होता, त्याच किल्ल्याच्या आवारात हा तुरुंग होता. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी तेथेच ‘गीतारहस्य’ लिहिले. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली आणि पुढील वर्षी पुण्यात हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

युद्धाच्या वाटेवर

‘इरावती फ्लोटिला’ या ब्रिटिश कंपनीकडे १९२० च्या दशकात सुमारे ६०० जलयाने होती. १९४२ मध्ये जपानी सैन्य पुढे सरकू लागले, तेव्हा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून कंपनीने आपल्याच बोटी नदीत बुडविल्या. त्याच वर्षी ब्रह्मदेशातील लाखो भारतीय जीव वाचविण्यासाठी मायदेशाकडे निघाले. त्यांपैकी अनेकांची वाट चिंदविन ओलांडून कलेवा-तामूमार्गे मणिपूरकडे जाणारी होती. उपासमार, पटकी आणि हिवताप यांनी हजारोंचा वाटेतच बळी घेतला. डिसेंबर १९४४ मध्ये परतीच्या मोहिमेवर निघालेल्या जनरल स्लिम यांच्या फौजेने कलेवा येथेच नदीवर पूल उभारला.

१९९० च्या दशकात देश पर्यटकांसाठी खुला होऊ लागल्यावर जुन्या धर्तीच्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी इरावतीवर पुन्हा दिसू लागल्या आणि पुढे त्या चिंदविनवरही आल्या. काठावरच्या गावांना त्यातून थोडाफार रोजगार मिळाला.

आज काय?

कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये या सफरी थांबल्या. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आणि चिंदविनचे खोरे ज्या सगाईंग प्रांतात येते, तो प्रांत सशस्त्र प्रतिकाराचा बालेकिल्ला बनला. गावेच्या गावे जाळली गेली, हवाई हल्ले झाले. ११ एप्रिल २०२३ रोजी याच प्रांतातील पाझिजी गावावर झालेल्या हल्ल्यात दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लष्कराची रसद नेणाऱ्या बोटींवर काठावरून मारा होऊ लागला. उपजीविकेची वाट होती, तीच आघाडी झाली.

भर पडली ती निसर्गाची. २८ मार्च २०२५ रोजी सगाईंग-मंडाले परिसराला ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने हादरविले. साडेतीन हजारांहून अधिक लोकांचा बळी गेला आणि इरावतीवरील १९३४ चा जुना आवा पूल कोसळला. भारताने ‘ऑपरेशन ब्रह्मा’द्वारे मदत पाठविली. दुसरीकडे, चिंदविन आणि तिची उपनदी उयू यांच्या पात्रांत सोन्यासाठी चालणाऱ्या उपशाने पाणी गढूळ होत असून, त्यातील पाऱ्याचा धोका मासे आणि माणसे दोहोंना आहे.

पर्यटकाची सफर रद्द झाली, तर तो दुसरीकडे जातो. काठावरच्या गावकऱ्याला मात्र दुसरी नदी नाही. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, तर आजही त्याला याच पाण्यात होडी लोटावी लागते.

दृष्टिक्षेपात चिंदविन

- लांबी : सुमारे १२०० किलोमीटर
- उगम : हुकाँग खोऱ्याचा परिसर, काचिन प्रांत
- मिळते : मंडालेच्या खालच्या बाजूस इरावतीला
- काठावरील प्रमुख ठिकाणे : मोनीवा, मिंगिन, कलेवा, मॉलेक, होमालिन
- मोठ्या बोटींचा हंगाम : पावसाळा व त्यानंतरचे काही आठवडे
- भारताकडील जवळची वाट : मोरे (मणिपूर)-तामू-कलेवा. तामू ते कलेवा व कलेम्यो हा सुमारे १६० किलोमीटरचा मैत्री मार्ग भारताने बांधला असून, तो २००१ मध्ये खुला झाला
- महाराष्ट्रातील पाहण्याजोगे : रत्नागिरीतील थिबा राजवाडा व थिबा राजाची समाधी