परळीची वाफ

आपल्या छत्रपती संभाजीनगरातली पाणचक्की आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. हर्सूलच्या बाजूने खापरी नळांतून पाणी यायचे, उंचावरून पडायचे, जाते फिरवायचे आणि पुढे हौदात जायचे. ते तापले नाही की आटले नाही. चक्कीने त्याचा जोर तेवढा घेतला.

कोळशावरच्या वीजकेंद्राचे तसे नाही. तिथे वाफेच्या जोरावर चक्र फिरते. काम झालेल्या वाफेचे पुन्हा पाणी करायचे तर तिला निववावे लागते, आणि त्यासाठी दुसरे गार पाणी लागते. कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली काही धुराड्यावाटे जाते आणि पुष्कळशी या गार पाण्याच्या माथी येते. चुलीवर भात शिजतो खरा, पण स्वयंपाकघरही तापतेच की!

मग ही वाया गेलेली उष्णता टाकायची कुठे? मुंबईत टाटांनी 1956 साली ट्रॉम्बेला केंद्र काढले, 1969 साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, दोन्ही समुद्राकाठी. खारे पाणी घ्यायचे आणि कोमट करून परत सोडायचे. त्यातही गोम आहे. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासळीला त्रास होतो. म्हणून समुद्राकाठच्या नव्या केंद्रांनी 7 अंशांहून जास्त तापलेले पाणी सोडू नये, असा सरकारी नियम आहे. नदी-तलावांना तर एवढीही उष्णता झेपत नाही. जून 1999 नंतरच्या गोड्या पाण्यावरील केंद्रांना थंड करण्याचे मनोरे सक्तीचे झाले. मनोऱ्यात उष्णता हवेत जाते, पण पाण्याची वाफ करून. म्हणजे नदी तापायची वाचते, आणि तिचे पाणी मात्र उडून जाते.

आता परळी वैजनाथकडे येऊ. निजामाच्या काळातच तिथे रेल्वे आली होती, तेव्हा कोळसा आणण्याची सोय होती. मराठवाड्याला वीज हवी होती. 1971 साली 30 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे 210चे तीन आले, मग 250चे तीन. जुने संच पुढे बंद झाले. कोळशाची सोय झाली, पण पाण्याची भिस्त गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यावर, म्हणजे शेवटी पावसावर.

थोडा हिशेब करू. गुरुजींनी तो वर्गात फळ्यावर जरूर मांडावा. 2015च्या सरकारी नियमाने जुन्या केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. 250 मेगावॅटचा एक संच तासाला अडीच लाख युनिट वीज करतो. म्हणजे तासाला पावणेनऊ लाख लिटर पाणी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन पहिली आगगाडी आली, तिच्यात 5 लाख लिटर होते. साऱ्या देशाने ती बातमी वाचली. आणि एक संच एका तासात त्याहून जास्त पाणी पितो!

तेव्हा बंधारा कोरडा पडला की काय होणार, हे उघड आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद करावे लागले, आणि जुलै 2015 मध्ये पुन्हा तीच पाळी आली. पिण्याचे पाणी आधी, हे ठीकच झाले. पण केंद्रावर पोट असलेल्या मजुरांनी काय करायचे? माझ्या मते दोष इंजिनियरांच्या कसबात नव्हता. जागा ठरवताना कोळशाचा रस्ता बारकाईने पाहिला, उष्णतेचा रस्ता तितका पाहिला नाही.

तिकडे विदर्भात कोराडीने दुसरी वाट धरली. नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून तिथल्या वीजकेंद्राला दिले जाते. कोराडीच्या मनोऱ्यांवर जी पांढरी वाफ दिसते, तिच्यातली बरीचशी नागपूरच्या मोऱ्यांतून आलेली असते.