जनरेटर 'विसरतो' तेव्हा

मंडळी, 2005च्या आसपास गावाकडे ज्यांनी दिवाळी केली असेल, त्यांना लोडशेडिंग आणि दुकानाबाहेर फटफटणारा छोटा जनरेटर नक्की आठवत असेल. त्या जनरेटरचा एक ठरलेला आजार आहे: इंजिन झकास चालतं, पण दिवा काही लागत नाही. या आजारामागचा इतिहास आपल्या जर्मनीशी जोडलेला आहे, म्हणून हा लेख.

गेल्या उन्हाळ्यात येनात साले नदीकाठी आमची सहल होती. एका मित्राने आणलेल्या जुन्या जनरेटरने नेमकं हेच केलं. आमच्यातले सांगलीचे एक काका वायरिंगच्या धंद्यात वाढलेले. शेजारचे जर्मन आजोबा जुन्या मोटारसायकली दुरुस्त करण्याचे शौकीन. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण मल्टिमीटर दोघांनाही वाचता येत होता! त्यावर 230च्या जागी जवळजवळ शून्य. आधी सगळी उपकरणं काढली, मग ब्रेकर बघितला, कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग साफ केल्या. फरक शून्य. तेव्हा काका म्हणाले, "अरे, हा विसरलाय. बॅटरी आणा." इंजिन बंद करून ब्रशच्या तारा सुट्या केल्या आणि 12 व्होल्टच्या बॅटरीचा प्लस प्लसला, मायनस मायनसला काही सेकंद टेकवला. जोडणी पूर्ववत करून पुन्हा सुरू केलं, तर मीटर 230वर! (हा प्रयोग जाणकाराशिवाय करू नका. आणि जनरेटर नेहमी उघड्यावरच चालवा, त्याचा धूर बंद जागेत जीव घेतो.)

तर तो विसरला काय होता? 1831 साली फॅरेडेने दाखवलं की चुंबक आणि तार एकमेकांच्या जवळ हलवली की वीज तयार होते. सुरुवातीची यंत्रं कायमच्या चुंबकांवर चालायची आणि ते चुंबक कमजोर पडायचे. मग युक्ती निघाली: लोखंडात आधीचं थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतंच. त्यातून थोडी वीज निघते, ती त्याच लोखंडाच्या वेटोळ्यात परत सोडली की चुंबक बळकट होतो, मग आणखी वीज. म्हणजे यंत्र स्वतःच स्वतःला जागं करतं. यंत्र फार दिवस पडून राहिलं की ते उरलेलं चुंबकत्व कधीकधी जातं, आणि मग बाहेरून थोडं उसनं द्यावं लागतं.

ही युक्ती वेर्नर फोन सीमेन्सने 1866 साली यंत्रात उतरवली. 17 जानेवारी 1867 रोजी बर्लिनच्या अकादमीत माग्नुस या शास्त्रज्ञाने ती त्याच्या वतीने मांडली. पण गंमत बघा, इंग्लंडमध्ये व्हार्लीने डिसेंबर 1866मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता आणि व्हीटस्टननेही ती स्वतंत्रपणे शोधली होती. त्याही आधी हंगेरीत आन्योश येडलिक नावाचा धर्मगुरू आणि प्राध्यापक तिथे पोहोचला होता. त्याने 1861 सालच्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या यादीत यंत्र कसं चालवायचं ते लिहूनही ठेवलं. पण गाजावाजा काही केला नाही. यादी कपाटात राहिली आणि जग सीमेन्सचं नाव घेऊ लागलं.

आम्हा येनाकरांना 1866 साल वेगळ्या कारणाने माहीत असतं. त्या वर्षी प्राध्यापक एर्न्स्ट आबे हे कार्ल झाइस यांच्या कारखान्याशी जोडले गेले. मायक्रोस्कोपची भिंगं तोवर कारागिराच्या अंदाजाने बनत; आबेंनी त्यामागचं गणित शोधलं आणि 1873 साली छापून टाकलं. त्यांचं सूत्र आज इथे स्मारकाच्या दगडावर कोरलेलं आहे. एकाचं ज्ञान यादीत राहिलं, दुसऱ्याचं दगडावर.

आपल्याकडचं काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, तो इतिहास पुस्तकांत आहे. पण लोडशेडिंगच्या वर्षांत बॅटरी टेकवून गावोगावचे जनरेटर जागे करणाऱ्या मेस्त्री आणि वायरमनची नोंद कुठे आहे? त्यांचं शास्त्र तोंडी चालत आलं आणि आता ती पिढी थकत चालली आहे. सांगलीचे काका त्या दिवशी नसते, तर आम्ही तो जनरेटर बहुतेक भंगारात दिला असता.

तेव्हा या दिवाळीत घरी फोन कराल, तेव्हा फराळाबरोबर हेही विचारा: "बाबा, ते यंत्र तुम्ही कसं चालू करायचात?" आणि उत्तर लिहून ठेवा. शुभ दीपावली!