तारेचा हिशेब, पुरवठ्याचा भरवसा

1926 साली ब्रनोचे तरुण गणितज्ञ ओटाकर बोरूव्का यांनी एका वीज कंपनीतून आलेला प्रश्न सोडवला. मोरावियातली गावे विजेने जोडायची आहेत. तार कमीत कमी लागावी, तर ती कुठून कुठे ओढावी? उत्तर थक्क व्हावे इतके सोपे निघाले. प्रत्येक गाव सर्वांत जवळच्या गावाला जोडायचे. त्यातून पुंजके तयार होतात. मग प्रत्येक पुंजका जवळच्या पुंजक्याला जोडायचा, आणि सगळे एक होईपर्यंत हेच करत राहायचे. दर फेरीत पुंजक्यांची संख्या निदान निम्म्यावर येते, म्हणून 100 गावांनाही फार तर सहा फेऱ्या पुरतात. वाहिन्या लागतात नेमक्या 99. पण त्यांपैकी कोणतीही एक तुटली, की तिच्या पलीकडची सारी गावे अंधारात. एकही तार जास्तीची नसणे हाच तर त्या रचनेचा गुण! वीजजाळ्याच्या नियोजनाचे गणित असे तारेच्या बचतीतून जन्मले. भरवशाची अट मागाहून आली आणि तिने प्रश्नाची जातच बदलली, असे मला वाटते.

याचा दोष बोरूव्कांना देणे अन्यायाचे होईल. जिथे वीज पोचलीच नव्हती, तिथे पहिल्या तारेचे मोल दुसरीहून कितीतरी मोठे. अधिक वजनाचा आक्षेप असा, की दोन्ही टोकांनी वीज घेता येईल अशी वळसेदार वाहिनी टाकायला अभियंत्यांना गणित लागलेच नाही, अनुभव पुरला. हे खरे आहे. पण एक वळसा टाकणे वेगळे आणि अख्ख्या प्रदेशासाठी सर्वांत स्वस्त वळसे निवडणे वेगळे. असलेल्या जाळ्यात कमीत कमी खर्चाने तारा वाढवून ते कुठलीही एक तूट सोसेल असे करणे, हा प्रश्न एनपी-कठीण असल्याचे 1976 मध्ये ईश्वरन आणि टारजन यांनी दाखवले. म्हणजे, नेमके उत्तर दर वेळी झटपट देणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. बोरूव्कांच्या फेऱ्या कागद-पेन्सिलीने होतात. त्यात ही एवढीच अट घातली, की संगणकही दमतो.

तरीही झाड, म्हणजे बोरूव्कांची ती बिनवळशाची रचना, मोडीत निघाले नाही. वितरणाचे जाळे बहुधा वळशांचे बांधतात, पण प्रत्येक वळशातला एक स्विच उघडा ठेवून ते झाडासारखे चालवतात. वीज एकाच दिशेने आली, की बिघाड शोधून तेवढा भाग तोडणे सोपे जाते. कोणता स्विच उघडा ठेवल्यास तारांत वीज कमी वाया जाईल, हा प्रश्न मर्लिन आणि बॅक यांनी 1975 मध्ये गणितात मांडला. स्विच 20 असले, तरी त्यांच्या स्थितींच्या जुळण्या दहा लाखांवर जातात. तार तुटली, की बिघडलेला तुकडा दोन्हीकडून सोडवून तो उघडा स्विच जोडतात आणि पलीकडच्या गावांना दुसऱ्या वाटेने वीज मिळते. त्या वाटेवरच्या तारेला हा जादा भार पेलेल का, हे मात्र ती ओढण्याआधीच मोजून ठेवावे लागते.