साबणाची वडी आणि धीर



हल्ली आपल्यातल्या बऱ्याच जणी घरी साबण करू लागल्या आहेत. बाजारच्या वडीत चरबी असेल का, ही शंका नको म्हणून. (वेष्टणावर ‘सोडियम टॅलोवेट’ असेल तर ती जनावराची चरबी समजावी.) पण नवशिकीला अवघड जाते ते थांबणे. थंड पद्धतीची वडी एक-दोन दिवसांत साच्यातून निघते आणि मग महिना-दीड महिना नुसती फळीवर ठेवायची. हात शिवशिवतात! पण हे थांबणे फार जुने आहे.

सीरियातल्या अलेप्पो शहरात ऑलिव्हचे आणि लॉरेलच्या फळांचे तेल घालून साबण होतो. लॉरेल हे आपल्या तमालपत्राच्या कुळातले झाड. हिवाळ्यात साबण शिजवायचा, जमिनीवर ओतायचा, वड्या कापायच्या आणि वारा खेळेल असे त्यांचे मनोरे रचून सहा ते नऊ महिने ठेवायच्या. हिरवी वडी बाहेरून सोनेरी-तपकिरी होते, आतून हिरवीच राहते. २०२४ मध्ये युनेस्कोने या कलेला वारशाच्या यादीत घेतले.

फ्रान्समध्ये तर थांबण्याचा कायदाच होता. १६८८ साली चौदाव्या लुईच्या राजवटीत मार्सेयच्या साबणासाठी फर्मान निघाले. तेल फक्त ऑलिव्हचे, चरबी अजिबात नाही. आणि जून, जुलै, ऑगस्ट या उन्हाळ्याच्या महिन्यांत कारखाने बंद. नियम मोडला तर माल जप्त. हेतू अहिंसेचा नव्हता, मालाची पत राखण्याचा होता. आपल्याकडे चरबी नको असणाऱ्यांचा विचार करून अर्देशीर गोदरेज यांनी १९२० च्या आसपास मुंबईत वनस्पती तेलाचा साबण काढला. त्याआधी आणि नंतरही घरोघर शिकेकाई, रिठा, डाळीचे पीठ होतेच.

अलेप्पो आणि मार्सेय, दोन्हीकडे साबण उकळून करत. वनस्पतींच्या राखेतल्या क्षाराचा जोर दर वेळी वेगळा, त्यामुळे मोजून घालणे कठीण होते. १७९१ मध्ये लब्लांने मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. १८२३ मध्ये शेव्ह्रलने तेल आणि क्षार मिळून साबण व ग्लिसरीन कसे होते ते पुस्तकात मांडले. तेव्हापासून हिशेब नेमका होत गेला.

मी कॉमर्सची, मला यात जमाखर्चच दिसतो. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, ऑलिव्ह तेलाला साडेतेरा. त्यातला पाच टक्के सोडा कमी घ्यायचा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि वडी त्वचेला सौम्य लागते. वजन काट्यावरच करा, वाटी-चमच्याने नाही. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचे नाही. हातमोजे, चष्मा हवाच, खिडकी उघडी हवी, ॲल्युमिनियमचे भांडे नको आणि नातवंडे स्वयंपाकघराबाहेर.

हिशेब बरोबर असला तरी खाते लगेच बंद होत नाही. तेल-क्षाराची क्रिया बहुतेक एक-दोन दिवसांत होते. पुढचे चार ते सहा आठवडे वडीतले पाणी उडते. मग ती घट्ट होते, जास्त दिवस पुरते. घाईने वापरलेली वडी भराभर विरघळते. म्हणून प्रत्येक घाण्याजवळ तारखेची चिठ्ठी ठेवा. वडी फळीवर नुसती पडलेली दिसते, पण तिचे काम चालूच असते. आपण फक्त मध्ये हात घालायचा नाही.