गोडी हवी, साखर नको

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा आला की एक दृश्य हमखास दिसते. कोणीतरी शिपाईमामांना आधीच सांगून ठेवलेले असते, ‘‘माझा बिनसाखरेचा हं.’’ मग पर्समधून किंवा खिशातून एक चपटी डबी निघते आणि एक इवलीशी गोळी कपात पडते. पाचच मिनिटांत कोणाच्या तरी मुलाच्या बारशाचे पेढे येतात आणि डबी काढणारा तोच हात पेढ्याकडे जातो. सगळे हसतात. पेढा उचलणाराही हसतो. ‘‘वजन उतरवायचंय हो, पण गोडाशिवाय राहवत नाही,’’ असे म्हणताना त्याला थोडे ओशाळल्यासारखे मात्र होते. आपला निग्रह कमी पडतो, अशी त्याची समजूत असते.

आम्ही त्या गोळीचा इतिहास शोधू लागलो तो निव्वळ कुतूहलापोटी. पण वाचता वाचता, हा खरोखरच निग्रहाचा प्रश्न आहे का, अशी शंका येत गेली.

वजन उतरवण्यासाठी गोड सोडण्याचा प्रयोग गोळीपेक्षा जुना आहे. लंडनमध्ये अंत्यविधीचे साहित्य आणि व्यवस्था पुरवणारे विल्यम बँटिंग नावाचे प्रतिष्ठित व्यावसायिक होते. वय ६६, उंची साडेपाच फुटांच्या आत आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. जिना उतरायचा तर पाठमोरे होऊन उतरावे लागे. ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते विल्यम हार्वे या डॉक्टरांकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो वेगळा, दोनशे वर्षे आधीचा.) डॉक्टरांनी कानाऐवजी पोटाकडे बोट दाखवले आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद केले. वर्षभरात बँटिंग यांचे वजन ४६ पौंडांनी उतरले. १८६३ साली त्यांनी हा अनुभव एका पुस्तिकेत छापला. ती इतकी गाजली, की इंग्रजीत ‘बँटिंग करणे’ म्हणजे पथ्याने वजन उतरवणे असा शब्दप्रयोग रूढ झाला. साखर सोडली, वजन उतरले. हिशेब सरळ दिसतो; पण मद्याचे दोन-चार पेले या पथ्यात रोज चालत होते, हेही नोंदवायला हवे. सगळीच सुखे एकदम सोडणे बँटिंगसाहेबांनाही जमले नसावे!

सर्वांनाच असे जमत नाही, याचे कारण फार खोलवर आहे. जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर साखरेचे पाणी टेकवले तर ते चोखू लागते, कडू थेंबाला तोंड वाकडे करते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. निसर्गात गोड चव म्हणजे पिकलेले फळ, मध किंवा आईचे दूध, म्हणजेच चटकन मिळणारी ऊर्जा. माणसाच्या इतिहासात अशी ऊर्जा दुर्मिळच होती. तेव्हा गोडाची ओढ ही जगण्याची सोय होती. ऊस आणि बीट यांच्यापासून कारखान्यात स्वस्त साखर निघू लागली तेव्हा ओढ तशीच राहिली, दुर्मिळता मात्र संपली. मग कोणालाही सुचेल असा एक मार्ग होता : गोडी ठेवायची आणि साखर काढून टाकायची. गंमत अशी, की हा मार्ग कोणी शोधायला गेलेच नव्हते.

१८७९ साल. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसेन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटाइन फालबर्ग नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. तो बाल्टिमोरला आला होता साखरेच्याच कामासाठी. एका आयातदार कंपनीच्या साखरेची शुद्धता तपासून न्यायालयात साक्ष देणे हे त्याचे काम होते. ते आटोपल्यावर तो रेमसेन यांच्याकडे डांबरापासून मिळणाऱ्या टोल्युइनच्या संयुगांवर प्रयोग करू लागला. एका संध्याकाळी काम संपवून तो हात न धुताच जेवायला बसला. पावाचा तुकडा तोंडात टाकला तर तो गोड! पाणी प्यायला, तेही गोड. ओठ पुसलेला रुमाल गोड. शेवटी त्याने अंगठा चाखला आणि उलगडा झाला. जेवण तसेच टाकून तो प्रयोगशाळेत धावला आणि टेबलावरचे एकेक चंचुपात्र चाखत सुटला.

प्रयोगशाळेत काहीही चाखायचे नाही, हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला बजावतो. ते योग्यच आहे. फालबर्गच्या एखाद्या चंचुपात्रात जालीम विष असते तर ही कथा सांगायला कोणी उरले नसते.

त्या पदार्थाला फालबर्गने ‘सॅकरीन’ असे नाव दिले. साखरेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ते आले, आणि तो लॅटिन शब्द ग्रीकमार्गे पोचतो थेट आपल्या संस्कृत ‘शर्करा’पर्यंत. सॅकरीन साखरेपेक्षा सुमारे ३०० पट गोड. शरीरात त्याचे पचन होत नाही. ते जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते, म्हणून त्याचा उष्मांक शून्य. विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. एक चमचा साखर ५ ग्रॅम धरली तर तिच्यातून सुमारे २० उष्मांक मिळतात. तेवढीच गोडी आणायला सॅकरीन किती लागेल? उत्तर येते सुमारे १७ मिलिग्रॅम. म्हणूनच गोळी इवलीशी असते.

शोधनिबंध दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे पेटंट मात्र फालबर्गने आपल्या नावावर घेतले आणि जर्मनीत कारखाना काढला. रेमसेन यांना हे आयुष्यभर खटकत राहिले.

सुरुवातीला सॅकरीन विकले गेले ते मधुमेहींसाठी, आणि गरिबांची स्वस्त साखर म्हणूनही. बीटच्या साखरेचे कारखानदार याने अस्वस्थ झाले. १९०२ साली जर्मनीने कायदा करून सॅकरीन औषधाच्या दुकानापुरते मर्यादित केले. परिणाम व्हायचा तोच झाला, स्वित्झर्लंडमधून चोरटी आयात सुरू झाली. साखरेवाल्यांच्या हितासाठी पोलीस डांबरापासून बनलेली गोडी पकडत हिंडत होते, हे चित्र मोठे विलक्षण आहे.

अमेरिकेत वेगळाच प्रसंग घडला. अन्नातील भेसळीविरुद्ध झगडणारे सरकारी रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली १९०८ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर बसले होते. डबाबंद मक्यात साखरेऐवजी सॅकरीन घालणे ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि ते आरोग्यालाही घातक आहे, असे वायलींनी सांगितले. रूझवेल्ट भडकले, कारण त्यांना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरीनच देत होते. त्याला घातक म्हणणारा मूर्ख आहे, असे त्यांनी सुनावले. मग त्यांनी एक तज्ज्ञ समिती नेमली. तिचे अध्यक्ष कोण? आयरा रेमसेन! थोड्या प्रमाणात सॅकरीन अपायकारक नाही, असे समितीने सांगितले. तरीही त्यात पोषण काहीच नाही, या कारणाने तयार खाद्यपदार्थांत त्याचा वापर १९१२ पासून बंद झाला. पोषणमूल्य नसणे हा तेव्हा दोष होता. पन्नास वर्षांनी तोच गुण म्हणून जाहिरातीत झळकणार होता.

मध्ये दोन महायुद्धे झाली. साखर मिळेनाशी झाली आणि कायदे बाजूला पडले. युरोपातल्या घराघरांत सॅकरीन पोचले. युद्धानंतर साखर परत आली, तरी गोळी गेली नाही. आता तिचा ग्राहक होता पोटभर खाणारा, वजनाच्या काट्याकडे काळजीने पाहणारा मध्यमवर्ग. सायक्लामेट हा दुसरा पर्यायही हाती होता. तो मायकेल स्वेडा या विद्यार्थ्याला १९३७ मध्ये सापडला, प्रयोगशाळेत ठेवलेली सिगारेट तोंडात घेताना गोड लागली म्हणून. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर यांनी कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावले आणि अस्पार्टेम सापडले. पहिल्या तासाचा नियम मोडणाऱ्यांची यादी अशी लांबत जाते.

या यादीतले एक नाव मराठी वाचकाला थांबवील. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्याकडे शशिकांत फडणीस संशोधन करत होते. टेट अँड लाईल ही साखर कंपनी या कामात सहभागी होती. साखरेचे नवे औद्योगिक उपयोग तिला हवे होते. १९७६ साली क्लोरीन जोडलेल्या शर्करेचा एक नमुना ‘टेस्ट’ करा, असे फडणीसांना सांगण्यात आले. त्यांनी ते ‘टेस्ट’ म्हणजे ‘चव घ्या’ असे ऐकले! देवनागरीत हे दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, मग बोलण्यात घोटाळा झाला तर नवल ते काय? त्यांनी कणभर जिभेवर ठेवला. तो साखरेपेक्षा सुमारे ६०० पट गोड असल्याचे पुढे ठरले. आज सुक्रालोज म्हणून बाजारात मिळते ते हेच.

योगायोग पाहा. याच कॉलेजात आहारशास्त्राचे प्राध्यापक होते जॉन युडकिन. लठ्ठपणा आणि हृदयविकार यांच्यामागे साखरेचा मोठा हात आहे, असे सांगणारे त्यांचे पुस्तक १९७२ मध्ये निघाले. त्या काळी सगळा दोष स्निग्ध पदार्थांवर ठेवण्याची रीत होती, त्यामुळे युडकिन यांची बरीच टिंगल झाली. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने १९६० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन स्निग्ध पदार्थांवर बोट ठेवणारा आढावा लिहवून घेतला होता, हे जुन्या कागदपत्रांतून २०१६ साली उघड झाले. तोवर युडकिन वारले होते.

पर्याय मात्र फोफावत गेले आणि त्यांच्याविषयीची भीतीही. उंदरांवरील प्रयोगांमुळे १९६९ मध्ये अमेरिकेत सायक्लामेटवर बंदी आली. १९७७ मध्ये, भरपूर सॅकरीन दिलेल्या उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला म्हणून त्यावरही बंदीचा प्रस्ताव आला. तेव्हा लोक खवळले ते सॅकरीनवर नव्हे, बंदीवर. मधुमेहींनी आणि वजन उतरवू पाहणाऱ्यांनी संसद सदस्यांवर पत्रांचा पाऊस पाडला. संसदेने बंदी लांबणीवर टाकली आणि डब्यावर फक्त इशारा छापायला लावला. पुढे कळले, की नर उंदराच्या मूत्राची घडणच अशी असते, की त्यात खडे धरून मूत्राशयाला इजा होते. माणसात तसे होत नाही. २००० साली तो इशाराही गेला. म्हणजे भीती बरीचशी अनाठायी निघाली. पण कर्करोगाचा इशारा वाचूनही लोक डबी सोडायला तयार नव्हते. ओढ किती जबर असते याचा एवढा मोठा पुरावा दुसरा कुठला?

मग या गोळीने वजन उतरते का? जागतिक आरोग्य संघटनेने आजवरचे अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये सांगितले, की वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरेच्या अशा पर्यायांवर अवलंबून राहू नये. काही महिन्यांच्या प्रयोगांत थोडे वजन उतरते, दीर्घकाळ पाहता फायदा दिसत नाही. ही शिफारस सशर्त आहे आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, हे विसरू नये. जाड माणसेच गोळीकडे जास्त वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही सांगणे कठीण असते.

अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात झालेला एक प्रयोग आम्हाला याहून बोलका वाटतो. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांपुढे दोन बाटल्या ठेवल्या, एकीत साखरेचे आणि दुसरीत कृत्रिम गोडीचे पाणी. सुरुवातीला उंदीर दोन्ही सारखेच पीत होते. दोन दिवसांत मात्र जवळजवळ सगळे साखरेच्या बाटलीकडे वळले. ज्यांच्या जिभेला गोड चव कळतच नव्हती असे उंदीरही वळले! आतड्यातल्या पेशी साखर ओळखतात आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला तसे कळवतात, असे आढळले. उंदरांवरून माणसाबद्दल एकदम निष्कर्ष काढू नये, हे सॅकरीननेच शिकवले आहे. पण माणसातही असे काही असेल, तर फालबर्गपासून फडणीसांपर्यंत सगळ्यांनी फसवली ती फक्त जीभ. आतडे आपल्या साखरेची वाट पाहतच राहिले. स्टाफरूममधला तो हात पेढ्याकडे का जातो, याचे एक उत्तर इथे असू शकेल.

मोहच समोर नसेल तर काय होते? हा प्रयोग इतिहासाने नकळत करून ठेवला आहे. ब्रिटनमध्ये १९४० साली साखरेचे रेशनिंग सुरू झाले आणि १९४२ मध्ये चॉकलेट-गोळ्यांचेही. १९४९ च्या एप्रिलमध्ये सरकारने चॉकलेट-गोळ्या खुल्या केल्या. दुकानांवर इतकी झुंबड उडाली, की माल पुरेना आणि चार महिन्यांत पुन्हा रेशनिंग लावावे लागले. सात वर्षांच्या सक्तीच्या पथ्याने मोठ्यांची ओढ तसूभरही कमी झाली नव्हती. १९५३ च्या सप्टेंबरात साखर पूर्ण खुली झाली आणि माणशी रोजचा खप थोड्याच काळात सुमारे ४० ग्रॅमवरून ८० च्या घरात गेला.

या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्या ब्रिटिशांची तुलना करणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनची साखर वाट्याला आलेल्यांमध्ये पुढे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. ती मुले आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांनी कसलाही निग्रह केला नव्हता. घरात साखर किती यायची ते शिधापत्रिका ठरवत होती.