तळटीप : कप्तान इझू आणि आय-२९

मजकुरात नेताजींच्या प्रवासात आलेली ‘जपानी पाणबुडी’ म्हणजे आय-२९. तिचा कप्तान इझू जुइची. २८ एप्रिल १९४३ रोजी मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मन पाणबुडी यू-१८० वरून उतरून रबरी होडीने या पाणबुडीवर पोहोचले. आबिद हसन हैदराबादचे.

याच इझूची दुसरी कामगिरी मुंबईला विसरता येणार नाही. २३ नोव्हेंबर १९४२ च्या पहाटे त्याने मुंबईहून आफ्रिकेला निघालेले ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज बुडवले. पहिल्या टॉर्पेडोनंतर लोक होड्यांत उतरले. जहाज अजून तरंगते आहे हे पाहून काही जण पुन्हा वर चढू लागले, तोच दुसरा टॉर्पेडो येऊन धडकला. २८० माणसे गेली. वाचलेल्या बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने २७ नोव्हेंबरला मुंबईत आणले. नेताजींच्या सागरप्रवासाचे वर्णन करताना या प्रवाशांना वगळणे अन्यायाचे आहे.

इझूनंतर पाणबुडीची सूत्रे किनाशी ताकाकाझूकडे गेली. ‘वास्प’ ही अमेरिकी विमानवाहू नौका बुडवणारा तोच. २६ जुलै १९४४ रोजी ‘सॉफिश’ या अमेरिकी पाणबुडीने आय-२९ बुडवली. त्यात किनाशीही मारला गेला.